औषधनिर्माता अर्हता परीक्षा

औषधचिठ्ठी पारखून औषध देणे, त्याची मात्रा तपासणे आणि ते कसे घ्यावे याची रुग्णास समज देणे, हे ज्याचे कायद्याने ठरविलेले काम आहे, त्या व्यक्तीस औषधनिर्माता म्हणतात. फार्मसिस्ट हे त्याचे व्यवहारातील सर्वपरिचित नाव असून शासकीय आरोग्यसेवेत त्यास औषधनिर्माण अधिकारी असे पदनाम आहे. हा व्यवसाय करण्यासाठी राज्याच्या नोंदणीपुस्तकात नाव दाखल व्हावे लागते. त्यापूर्वी उमेदवाराजवळ पुरेसे ज्ञान आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेस अर्हता परीक्षा म्हणतात. भारतात पदविकाधारकांसाठी अशी स्वतंत्र परीक्षा २०२२ च्या विनियमांन्वये निर्माण झाली. ‘एक्झिट परीक्षा’ या नावाने ती विद्यार्थ्यांत ओळखली जाते. प्रस्तुत नोंदीत या परीक्षेची पार्श्वभूमी, तिचे स्वरूप व तिची पूर्वतयारी यांचे विवेचन केले असून उदाहरणादाखल नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्यातील परिस्थिती विचारात घेतली आहे.

इतिहास : औषधे विकणाऱ्याची परीक्षा घ्यावी, ही कल्पना प्रथम विषारी द्रव्यांच्या विक्रीतून पुढे आली. ब्रिटनमध्ये १८४१ साली औषधनिर्मात्यांची संस्था स्थापन झाली आणि १८६८ च्या कायद्याने ठराविक विषारी द्रव्ये विकण्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होऊन नाव नोंदविणे आवश्यक ठरले. भारतीय उपखंडात या विषयाच्या शिक्षणाचा जुना वारसा गोव्याकडे आहे. पणजी येथे १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात औषधनिर्माणाचाही अभ्यासक्रम होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र दीर्घकाळ औषध तयार करून देण्याचे काम दवाखान्यातील कंपाउंडर करीत असे. डॉक्टरांच्या हाताखाली राहून तो हे काम शिके. खलबत्ता, तराजू, मापाचा पेला आणि मिश्रणाच्या बाटल्या ही त्याची साधने. बाटलीवर तो कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा, हा तिचा अर्थ अक्षरओळख नसलेल्या रुग्णासही कळत असे. या पद्धतीत हाताचे कौशल्य होते, परंतु औषधाच्या गुणदोषांचे शास्त्रीय ज्ञान तपासण्याची सार्वत्रिक व्यवस्था नव्हती. औषधांतील भेसळ व व्यवसायातील अनागोंदी यांची चौकशी करण्यासाठी १९३० मध्ये कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९३१ मध्ये अहवाल सादर केला. महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे उच्च शिक्षण सुरू झाले. पुढे १९४० चा औषधविषयक कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांनी या व्यवसायास आजचे रूप दिले.

१९४८ च्या कायद्याने केंद्रात भारतीय फार्मसी परिषद व प्रत्येक राज्यात राज्य परिषद स्थापण्याची तरतूद केली. पहिले नोंदणीपुस्तक तयार करताना पदवी-पदविकाधारकांबरोबरच कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आणि किमान पाच वर्षे औषधे तयार करून देण्याचे काम केलेल्या अनुभवी व्यक्तींनाही ठराविक अटींवर प्रवेश देण्यात आला. त्यानंतरच्या नोंदणीसाठी मात्र मान्य शिक्षणक्रम हीच मुख्य अट राहिली. शिक्षणविषयक विनियम प्रथम १९५३ मध्ये झाले. त्यानंतर १९७२, १९८१, १९९१ व २०२० मध्ये त्यांची नव्याने रचना करण्यात आली.

परीक्षेची आवश्यकता : औषधाच्या दुकानातील चूक सहसा दिसून येत नाही आणि दिसून येते तेव्हा उशीर झालेला असतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी व देखरेख यांतील दोष उघड केले. हेच द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात बालकांचे बळी घेतले. औषधात झालेली भेसळ दुकानातील औषधनिर्मात्यास डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे खरे. तथापि खरेदीच्या पावत्या, गट क्रमांकाची नोंद, संशयित गट तत्काळ वेगळा काढणे आणि लहान मुलांस अनावश्यक औषध न देणे या गोष्टी त्याच्या हाती असतात. त्यांचे महत्त्व कळण्यास शास्त्र व कायदा या दोहोंचे ज्ञान लागते.

नोंदणी नसलेल्या व्यक्तीने औषधचिठ्ठीवरील औषधे देणे हा १९४८ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार गुन्हा आहे. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांस स्वतः औषध देणे यास अपवाद करण्यात आले आहे. या कलमाखालील दंडाची रक्कम २०२३ च्या दुरुस्तीने बरीच वाढविण्यात आली. त्यापूर्वी, २०२२ मध्ये, बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत औषधनिर्मात्यावाचून रुग्णालये व औषधालये चालू देणे हे नागरिकांच्या आरोग्यास घातक असल्याचे मत नोंदविले होते. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र लावून गल्ल्यावर दुसऱ्यानेच औषध देण्याचा प्रकार या कायद्याच्या हेतूलाच बाधक ठरतो.

शिक्षण व नोंदणी : विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास दोन वर्षांच्या पदविका शिक्षणक्रमास प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात या शिक्षणक्रमाची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. त्यानंतर रुग्णालयात वा मान्य औषधालयात किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यांपैकी निदान २५० तास औषधचिठ्ठीनुसार प्रत्यक्ष औषधे देण्यात घालविले पाहिजेत, असा दंडक आहे. राज्यातील नोंदणीपुस्तक महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद ठेवते. पदवीधरांसाठी चार वर्षांचा स्वतंत्र शिक्षणक्रम असून २०२२ चे परीक्षाविषयक विनियम पदविकाधारकांपुरते आहेत.

नंदुरबार जिल्ह्यात शहादा येथील पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे आणि अक्कलकुवा येथील अली-अल्लाना हे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय अशा संस्थांतून या विषयाचे शिक्षण दिले जाते. त्यामुळे सातपुड्यातील विद्यार्थ्यास या शिक्षणासाठी धुळे, जळगाव वा नाशिक गाठावेच लागते, अशी स्थिती राहिलेली नाही.

परीक्षेचे स्वरूप : २०२२ च्या विनियमांनुसार या परीक्षेत वस्तुनिष्ठ बहुपर्यायी प्रश्नांच्या तीन प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीस तीन तासांचा अवधी असतो. पहिलीत औषधनिर्मितिशास्त्र, औषधिक्रियाविज्ञान व औषधिद्रव्यविज्ञान हे विषय येतात. दुसरीत औषधी रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि रुग्णालयातील औषधव्यवस्था यांचा, तर तिसरीत औषधविषयक कायदे व औषधभांडाराचे व्यवस्थापन यांचा समावेश होतो. माध्यम इंग्रजी आहे. तिन्ही प्रश्नपत्रिकांत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण एकाच वेळी मिळवावे लागतात. एका विषयातील भरघोस गुणांनी दुसऱ्यातील उणीव भरून निघत नाही. किती वेळा परीक्षेस बसावे यावर बंधन नाही. या स्वरूपाची पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकविज्ञान परीक्षा मंडळाने संगणकावर घेतली.

अन्य देशांतही अशा परीक्षा आहेत. ब्रिटनमधील नोंदणी परीक्षेत औषधमात्रेच्या आकडेमोडीची प्रश्नपत्रिका स्वतंत्र असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत औषधज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा असून बहुतेक राज्यांत कायद्याची निराळी परीक्षा द्यावी लागते. गणित व कायदा या दोन बाबींत चूक क्षम्य मानू नये, हा विचार या रचनांमागे दिसतो.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते आणि साक्षरता सु. ६४ टक्के, म्हणजे राज्यातील सर्व जिल्ह्यांत कमी होती. भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी, गुजर इ. बोली घराघरांत बोलल्या जातात. तापीच्या खोऱ्यातील शहादे व नंदुरबार येथे औषधांची दुकाने व रुग्णालये आहेत. नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. उत्तरेकडील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत मात्र पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. सरदार सरोवराच्या जलाशयाकाठच्या गावांसाठी नौकेवरील दवाखान्याची योजना राबवावी लागली, यावरून तेथील दळणवळणाची कल्पना येते.

आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे शासकीय प्रमाण आहे. अशा केंद्रातील औषधनिर्माण अधिकारी हा पुष्कळदा रुग्ण घरी परतण्यापूर्वी त्याला भेटणारा शेवटचा प्रशिक्षित माणूस असतो. घर दोन डोंगरांपलीकडे असलेली माता ‘औषध किती द्यायचे’ हे विचारण्यासाठी दुसऱ्या दिवशी परत येऊ शकत नाही. शहरातील दुकानात जी शंका दूरध्वनीवरून फिटते, ती येथे मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे अर्हता परीक्षेतील प्रत्येक विषयाला या भागात प्रत्यक्ष प्रयोजन आहे.

पूर्वतयारी : परीक्षेची तयारी म्हणजे प्रश्नसंचातील उत्तरे पाठ करणे, असा समज आढळतो. वस्तुनिष्ठ प्रश्नांमुळे त्यास बळ मिळते. परंतु चार पर्यायांपैकी तीन का चुकीचे आहेत हे सांगता आले, तरच चौथ्याचे ज्ञान पक्के समजावे. तयारीची मुख्य अंगे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) मात्रेचे गणित : पॅरासिटामॉल हे तापावरील औषध लहान मुलास एका वेळी वजनाच्या दर किग्रॅ. ला सु. १५ मिग्रॅ. या प्रमाणात देता येते. ८ किग्रॅ. वजनाच्या बालकाची मात्रा १२० मिग्रॅ. होते. दर ५ मिलि. मध्ये १२५ मिग्रॅ. असलेले द्रव औषध असल्यास ४·८ मिलि., २५० मिग्रॅ. असलेले असल्यास २·४ मिलि. आणि दर मिलि. मध्ये १०० मिग्रॅ. असलेले थेंबांचे औषध असल्यास १·२ मिलि. द्यावे लागेल. तिन्ही बाटल्यांवर औषधाचे नाव एकच असते. थेंबांच्या बाटलीतून ५ मिलि. चा चमचा भरून दिल्यास मुलाच्या पोटात ५०० मिग्रॅ., म्हणजे योग्य मात्रेच्या चौपटीहून अधिक औषध जाईल. म्हणून केवळ ‘एक चमचा’ हे उत्तर अपुरे असते. एकक, तीव्रता व वजन या तिन्ही गोष्टी लिहूनच उदाहरण सोडविण्याची सवय लावणे इष्ट.

द्रावणांच्या मिश्रणाचे गणितही नेहमी विचारले जाते. ९० टक्के व ६० टक्के तीव्रतेच्या अल्कोहॉलांपासून ७० टक्क्यांचे ६०० मिलि. मिश्रण हवे असल्यास इष्ट तीव्रतेपासून दोहोंचे अंतर काढतात. ७० व ६० यांतील अंतर १० हे पहिल्याचे भाग आणि ९० व ७० यांतील अंतर २० हे दुसऱ्याचे भाग होतात. हे प्रमाण १ : २ असल्याने पहिले २०० मिलि. व दुसरे ४०० मिलि. घ्यावे. उत्तराचा पडताळा उलट गणिताने घेता येतो : १८० आणि २४० मिळून ४२० होतात व ते ६०० चे ७० टक्के आहेत.

(२) औषधांची क्रिया : औषधांचे गट, त्यांचे कार्य, दुष्परिणाम व परस्परक्रिया यांचा अभ्यास रोगांच्या अनुषंगाने केल्यास तो स्मरणात राहतो. नंदुरबार जिल्ह्यात दात्रकोशिका रक्तक्षय, म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या विकाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यावर वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियूरियाची मात्रा वजनानुसार ठरते व रक्तातील पेशींची गणना वरचेवर करावी लागते. हिवतापावरील प्रायमाक्वीन हे औषध जी-६-पी-डी या एंझाइमाची न्यूनता असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींचा नाश घडवू शकते. गर्भवतीस ते देत नाहीत. क्षयावरील रिफॅम्पिसिनाने लघवी तांबूस होते. हे आधी सांगितले नाही, तर रक्त पडते आहे असे समजून रुग्ण औषध सोडतो. त्याच औषधाने संततिप्रतिबंधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते आणि ते रोज घेतल्यास प्राणघातक ठरू शकते.

अतिसारावर दिल्या जाणाऱ्या क्षार-शर्करा मिश्रणाची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. तिच्यात २·६ ग्रॅ. मीठ व १३·५ ग्रॅ. ग्लुकोज यांसह एकूण २०·५ ग्रॅ. द्रव्ये असतात. पेलाभर पाण्यात सगळी पुडी घातल्यास क्षारांचे प्रमाण अपायकारक होते. जोडीला जस्ताची गोळी १४ दिवस देतात : सहा महिन्यांखालील बालकास रोज १० मिग्रॅ. व त्यावरील बालकास २० मिग्रॅ. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात, हे सांगणे औषधनिर्मात्याचे काम आहे.

(३) औषधी द्रव्यांची पारख : या विषयाकडे गतकालीन म्हणून दुर्लक्ष होते. सातपुड्याच्या परिसरात मात्र तो जिवंत आहे. जुलाब व आव यांवर वापरली जाणारी पांढऱ्या कुड्याची साल आणि तिच्यात भेसळीसाठी वापरली जाणारी काळ्या कुड्याची साल यांतील भेद हे अभ्यासक्रमातील जुने उदाहरण होय. रुग्ण भगताकडून वा बडव्याकडून मुळी घेऊन आलेला असणे संभवते. त्याचा उपहास न करता काय घेतले याची चौकशी केली, तरच परस्परक्रियेचा अंदाज बांधता येतो.

(४) साठवण : इन्शुलीन, ऑक्सिटोसिन व लशी २° ते ८° से. तापमानात ठेवतात. त्यांपैकी अनेक गोठल्यास निरुपयोगी होतात. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व डोंगरी भागात वीज दीर्घकाळ खंडित होऊ शकते. तापमानाची रोज दोनदा नोंद आणि आधी मुदत संपणारा साठा आधी देण्याची पद्धत यांवरील प्रश्नांची उत्तरे येथे पुस्तकाबाहेरही द्यावी लागतात.

(५) कायदा : १९४५ च्या नियमांतील एच, एच-१ व एक्स या अनुसूचींमधील भेद नीट समजून घ्यावा लागतो. एच-१ अनुसूची १ मार्च २०१४ पासून अंमलात आली. तीत काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी औषधे आहेत. ती देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव आणि औषधाचे परिमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. एक्स अनुसूचीतील औषधांसाठी औषधचिठ्ठीच्या दोन प्रती लागतात व एक प्रत दोन वर्षे ठेवावी लागते. १९५४ चा जादुटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा, १९८५ चा अंमली पदार्थविषयक कायदा, २०१३ चा किंमत नियंत्रण आदेश आणि २०१५ चे व्यवसायविषयक विनियम यांचाही अभ्यास आवश्यक असतो. कलमांचे क्रमांक पाठ करण्यापूर्वी त्या त्या तरतुदीने कोणता धोका टाळला जातो, हे जाणून घेतल्यास क्रमांकही लक्षात राहतात.

वेळेच्या दृष्टीने ५०० तासांचे प्रशिक्षण ही पूर्वतयारीची सर्वोत्तम संधी होय. दिवसभरात हाताखालून गेलेल्या पाच औषधचिठ्ठ्या निवडून प्रत्येक औषधाचा गट, मात्रा, धोका, साठवण व अनुसूची रात्री लिहून काढल्यास तिन्ही प्रश्नपत्रिकांची एकत्र उजळणी होते. जो उमेदवार हे तास केवळ सहीपुरते भरतो, त्यास तेच ज्ञान पुढे पुस्तकातून, संदर्भाविना गोळा करावे लागते.

भाषेचा प्रश्न व परीक्षेच्या मर्यादा : आश्रमशाळेत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पदविकेस इंग्रजी पुस्तके वाचतो, इंग्रजीतून परीक्षा देतो आणि अखेरीस पावरी वा मावची बोलणाऱ्या रुग्णासमोर उभा राहतो. प्रश्नातील ‘याखेरीज’ किंवा ‘अयोग्य विधान ओळखा’ अशा अर्थाचे एक इंग्रजी पद नजरेतून सुटल्यास ज्ञान असूनही गुण जातो. म्हणून पारिभाषिक संज्ञांची इंग्रजी-मराठी वही पहिल्या वर्षापासून ठेवणे उपयुक्त ठरते. तिच्यात तिसरा रकाना बोलीचा असावा : उपाशीपोटी, जेवल्यावर, झोपताना, पूर्ण विरघळवून, रोज नव्हे तर आठवड्यातून एकदा, या सूचना घरच्या भाषेत कशा सांगावयाच्या, हे त्यात लिहावे. ज्यांची ती मातृभाषाच आहे, अशा विद्यार्थ्यांचा येथे मोठा लाभ आहे. परीक्षेच्या गुणपत्रिकेत मात्र त्याची नोंद होत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांतून ज्ञान तपासता येते. रुग्णाशी बोलण्याची हातोटी, संशयास्पद औषधचिठ्ठीबाबत डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य किंवा रांग वाढली असतानाही बाटलीवरील तीव्रता पुन्हा वाचण्याची सवय यांचे मापन त्यातून होत नाही. ही उणीव प्रशिक्षणाने व अनुभवी औषधनिर्मात्याच्या देखरेखीने भरून काढावयाची असते. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्योदय, माथ्यावरचा सूर्य व चंद्र यांची चित्रे काढून वेळ दाखविणे, पिचकारीवर मात्रेची रेघ आखून देणे आणि सांगितलेले रुग्णाकडूनच पुन्हा वदवून घेणे, हे उपाय साक्षरतेवर अवलंबून नाहीत. कंपाउंडरच्या बाटलीवरील कातरलेली पट्टी हेच काम करीत असे. त्या पट्टीमागे पुरेसे शास्त्र होते किंवा नाही, हे पाहणारी सार्वत्रिक व्यवस्था त्या काळी नव्हती. आजच्या परीक्षेने ती व्यवस्था केली आहे. ते शास्त्र रुग्णापर्यंत समजेल अशा रूपात पोहोचविण्याचे काम नोंदणी झाल्यानंतर सुरू होते.